ओठातला पाला

४ जानेवारी

शिंका, शिंका, शिंका! सकाळपासून मोजायचं सोडून दिलं. नाक असं लाल झालंय की पुठ्ठा एखाद्या वेळी गाजर समजून चावा घ्यायचा.

नवी वही, तिला सगळंच नवं — म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पुठ्ठा म्हणजे टिल्लीचा ससा. टिल्ली म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ, जीभ वय वर्षं चाळीस. लेकीच्या इमारतीत जनावर ठेवू देत नाहीत, म्हणून ससा माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली राहतो. रंग पुठ्ठ्याचा आणि खातोही पुठ्ठा! नाव टिल्लीनेच ठेवलं.

दुपारी शाळेतून आली ती उंबऱ्यातच थांबली. "आबा, थांब! शिंकू नकोस! पुठ्ठ्याला लागेल ना तुझी सर्दी!"

"अगं, माणसाचं दुखणं सशाला लागतं होय?"

"तुला नक्की माहितेय?"

नक्की कुठे माहीत होतं! कापडाच्या कातरणातला एक तुकडा तोंडाला बांधला. शेजारचा चष्मेवाला डोकावला. "काय मास्तर, आज दरोडा कुठे?"

म्हटलं, "तुझ्याकडेच. पण काचांशिवाय तुझ्याकडे आहे काय न्यायला!"

५ जानेवारी

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण जे बांधलं ते वाचून. मागे एका डॉक्टरांचे रोगांवरचे ग्रंथ आले होते. पहिले दोन खंड मी बांधले, तिसरा त्यांनी दुसरीकडे दिला. त्यामुळे मला रोग अर्ध्यापर्यंतच येतात! आणि त्या दोन खंडांत ससा कुठेच नव्हता. आज आठवून आठवून थकलो.

वाचनालयाची पुस्तकं शिवायला घेतलीत. शिवताना डाव्या हातात फर्मे — घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे — आणि उजव्या हातात दाभण. धाग्याचं टोक ओठात. चाळीस वर्षांची खोड. पुठ्ठा टेबलावर येऊन बसतो आणि फर्म्यांचे कोपरे कुरतडतो. हात तर दोन्ही अडकलेले, हाकलणार कसं? म्हणून ओठात गाजराच्या पाल्याची काडी धरायची. तो मान उंचावतो, काडी ओढून घेतो, कुरूम कुरूम करत पुस्तकं विसरतो. नाकाला नाक लागतं, मिशांना मिशा. टिल्लीने बघून बघून हेच उचललं. हात रिकामे असले तरी पाला ओठातूनच!

आज तोंडाला फडकं, म्हणून सगळं बंद. पुठ्ठा समोर बसून फडक्याकडे बघत राहिला. वाईट वाटलं.

७ जानेवारी

मनातला भुंगा काही जाईना. शेवटी पुठ्ठ्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान, हात मात्र मोठे आणि शांत. माझ्या आधी एक बाई कुत्रं घेऊन, एक गृहस्थ रिकामा पिंजरा घेऊन. रिकामा का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

विचारलं, "बाई, मला सर्दी झालीय. माझ्यामुळे याला लागेल का?"

त्या हसल्या नाहीत. (हसतील म्हणून सारा रस्ता घाबरत गेलो होतो.) म्हणाल्या, "साधी सर्दी सहसा नाही लागत. सशांचं शिंकणं वेगळ्या जंतूंचं असतं. पण माणसाचं सशाला काहीच लागत नाही, असंही नाही हं. गजकर्ण लागतं — त्याचं तुम्हाला, तुमचं त्याला. आणखीही काही आहेत. हात धुऊन घेत जा. अजून काही विचारायचंय?"

म्हटलं, "नाही, जीव भांड्यात पडला!"

येताना टोपली हलकी वाटत होती.

८ जानेवारी

फडकं सोडलं. पुठ्ठ्याने चार काड्या ओढल्या आणि पाचव्या वेळी माझी मिशीच धरली!

११ जानेवारी

टिल्ली तापाने फणफणलीय. माझीच सर्दी तिला. सशापासून लांब पळत होतो, नातीला मात्र मांडीवर घेऊन बसलो होतो.

लेक तिकीट खिडकीवरची पाळी संपवून सरळ दुकानात आली, दारातूनच तोफ डागली. "धन्य आहे बाबा तुमची! ससा वाचवलात आणि नात आजारी पाडलीत!"

मग तीच म्हणाली, "पेज घेतलीत का? आवाज बघा कसा झालाय." ही अशी आहे. रागावताना अर्धं चित्त माझ्या जेवणाकडे.

जावई बोटीवर. आठ महिने तिकडे, चार महिने इकडे. लेक एकटीच सगळं ओढते. तिला आणखी त्रास द्यायला नको होता.

१४ जानेवारी

टिल्ली आली! ताप उतरला. चेहरा एवढासा झालाय, आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस. ताप गेल्यावर उठतात तशा. तिला म्हटलं, "बोट लावू नकोस, आपोआप सुकेल."

चार दिवसांचा उपास फेडायचा होता दोघांना. गाजराच्या पाल्याची अख्खी जुडी घेऊन बसली. एक काडी, दुसरी काडी. शेवटी काडी संपली तरी तोंड पुढेच. पुठ्ठ्याने तिचा ओठ हुंगला, चाटला. "आबा, बघ, माझा मुका घेतला!"

मी पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होतो. मान वर करून बघितलं आणि हसलो.

१५ जानेवारी

वाचनालयाची अकरा पुस्तकं शिवून दाबात घातली. खळ पातळ झाली होती, पुन्हा शिजवली. बाकी विशेष नाही.

२० जानेवारी

पुठ्ठ्याने सकाळचा पाला तसाच टाकला. डोळ्यांना पाणी. तोंडातून लाळ. म्हटलं गारठ्याने असेल. टोपलीत फलालीनचं जुनं उबदार फडकं अंथरलं.

संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्याचा तुकडाही खाईना.

२१ जानेवारी

दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. टोपलीत तो एका कुशीवर पडून. उठला की एकाच बाजूला गोल गोल फिरायचा, जणू कुणी दोरीला बांधलंय. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, कान बघितले, दात बघितले. कपाळाला आठी. एक सुई दिली. "मेंदूकडे काहीतरी वाटतंय. ठेवून जा."

मी म्हटलं, "सर्दी तर नाही ना बाई?"

"सर्दी नाही."

२२ जानेवारी

टिल्लीला शाळेतून परस्पर दवाखान्यात नेलं. नेऊ नये असं लेक म्हणत होती, पण पोरीने ऐकलं नाही. पुठ्ठ्याने तिचा आवाज ओळखला, कान हलवला. मग झटका आला. चारही पाय ताठ. टिल्ली ओरडली नाही. माझ्या सदऱ्याचं टोक हातात धरून उभी राहिली. सदऱ्याला अजून सुरकुत्या आहेत.

२३ जानेवारी

सकाळी साडेदहाला गेला.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, कारण कळावं असं वाटत असेल तर तपासणीसाठी नमुना पाठवते, पंधरा दिवस लागतील. मी हो म्हटलं. टिल्ली विचारणार — कशाने? तिला "असंच" हे उत्तर चालत नाही. लहान असल्यापासून.

२४ जानेवारी

पेटी केली. दुकानातला सगळ्यात जाड पुठ्ठा, वरून ते निळं कापड, जे चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलं होतं. कोपरे दुमडून चिकटवले. चाळीस वर्षांत इतके साफ कोपरे जमले नव्हते. आतून पांढरा कागद. टिल्लीने विचारलं, "वर नाव घालायचं ना?" सोनेरी अक्षरांचे ठसे तापवले, 'ठ्ठ' जरा तिरका उमटला.

मागच्या आवारात, नळाच्या पलीकडे खड्डा चष्मेवाल्याने खणला. एकही थट्टा केली नाही त्याने. आयुष्यात पहिल्यांदा!

टिल्ली रडली नाही. घरी जाताना म्हणाली, "आबा, कारण कळल्यावर मला आधी सांगायचं. आईला नंतर."

वचन दिलं.

३० जानेवारी

टेबलाखालची जागा झाडली नाही. झाडवत नाही.

एका फर्म्याचा कोपरा कुरतडलेला सापडला, त्याचं काम. कागदाची पट्टी लावून दुरुस्त करायला हवा. गिऱ्हाइकाचं पुस्तक आहे. उद्या करीन.

६ फेब्रुवारी

कसं लिहू? तरी लिहितो. कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

दुपारी दवाखान्यातून निरोप आला, तपासणी आलीय. टिल्ली शाळेतून आली होतीच. वचन दिलेलं, म्हणून तिला बरोबर घेतलं. इथेच चुकलो. आधी एकट्याने जायला हवं होतं!

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. कागद समोर. म्हणाल्या, "हा एक विषाणू आहे. माणसांचा. बऱ्याच माणसांच्या अंगात असतो, लहानपणी कुणीतरी मुका घेताना देतं आणि मग तो जन्मभर आत झोपून राहतो. ताप-बीप आला की ओठावर पाण्याच्या पुळ्या उठतात, तो हाच. माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही. पण पुळ्या असताना सशाच्या तोंडाशी तोंड गेलं तर सशाच्या मेंदूत शिरू शकतो. क्वचित होतं असं. मीही पहिल्यांदाच बघतेय. तेव्हा घरात कुणाच्या ओठावर पुळ्या होत्या का?"

त्या क्षणी मला सगळं दिसलं. पाल्याची जुडी. संपलेली काडी. आणि मी शिकंजा आवळत हसतोय.

टिल्ली माझ्या उजव्या हाताला. गणवेशात, दप्तर पाठीला तसंच. मी तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर बाईंनीही बघितलं असतं.

"मला," म्हटलं. "मलाच होत्या. जानेवारीत. चांगल्या मोठ्या."

तोंडातून निघून गेलं. विचार केलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "आजोबा, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तर सर्दीसुद्धा विचारायला आलात. तेव्हा मीच हे सांगायला हवं होतं. तुमची काही चूक नाही."

मी मान हलवली. डोळे भरून आले ते त्यांना खरे वाटले. खरेच होते.

बाहेर आलो. टिल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत होती. मग एकदम हात सोडवला आणि पुढे चालू लागली. घर येईपर्यंत दहा पावलं पुढे.

रागावली. रागावू दे. पुठ्ठ्याला माझ्यामुळे गमावलं असं तिला वाटलं, यात खोटं तरी किती? सर्दी माझी, ताप माझ्यामुळे, ओठातून पाला द्यायची खोड माझी. पुळ्या तेवढ्या तिच्या. सर्दीबद्दल विचारायला गेलो, तेव्हा ओठातल्या पाल्याचं एक अक्षर बोललो नाही. मला ते इतकं रोजचं होतं की सांगण्यासारखं वाटलंच नाही!

७ फेब्रुवारी

लेकीला खरं सांगितलं. ती खुर्चीत बसूनच राहिली.

"बाबा, अहो, तिला समजावून सांगता आलं असतं. नऊ वर्षांची आहे, तान्ही नाही."

म्हटलं, "माझ्यावरचा राग आज ना उद्या जाईल. स्वतःवरचा जातो का? तू सांगणार नाहीस. माझी शपथ आहे."

"शपथा घालू नका! तिकीट खिडकीवर दिवसभर लोक शपथाच घालतात, शेवटची एक सीट द्या म्हणून!" पण कबूल झाली. डोळे पुसत गेली.

१२ फेब्रुवारी

टिल्ली आली नाही. सहा दिवस झाले. शाळा सुटते, समोरच्या पदपथावरून जाते. मी काउंटरवर उभा राहतो. ती मान वळवत नाही.

१५ फेब्रुवारी

चष्मेवाल्याने सुचवलं, दुसरा ससा आणू. "पांढरा आणू मास्तर, याच्यापेक्षा देखणा." मी म्हटलं, "तुझी बायको गेली तर दुसरी देखणी आणू का?" फार बोललो. संध्याकाळी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो. प्यायला. म्हणाला, "बायकोला सांगू नका, नाहीतर ती म्हणेल, आणा."

किती दिवसांनी हसलो!

१९ फेब्रुवारी

लेक आली होती. सांगत होती, टिल्ली तोंड सारखी साबणाने धुते. ओठ फुटलेत. आईला गालाचा मुका घेऊ देत नाही. शेजारच्या बाईंचं तान्हं बाळ अंगाखांद्यावर खेळवायची, आता ते आलं की पोरगी दुसऱ्या खोलीत. जेवताना स्वतःचा पेला वेगळा ठेवते.

"बाबा, मला सांगू द्या."

माझी किळस बसलीय तिला! मी तिचे इतके मुके घेतलेत, आता वाटत असेल आबाने मलाही काहीतरी लावलं. हे मला सुचलंच नव्हतं. पण खरं सांगितलं तर याहून वाईट होईल. "नको," म्हटलं. "थोडे दिवस जाऊ दे."

लेक माझा सदरा धुवायला घेऊन गेली.

२३ फेब्रुवारी

चार ओळी लिहून टिल्लीच्या दप्तरात घालायच्या ठरवल्या. 'माझ्यामुळे तुझा पुठ्ठा गेला, मला माफ कर.' लिहिलं आणि फाडलं. एकदा तोंडून खोटं निघालं ते निघालं. शाईने लिहायला बोट चालेना.

२६ फेब्रुवारी

वाचनालयाची पुस्तकं पोचती केली. ग्रंथपाल म्हणाले, "मास्तर, यंदाचं काम फार सुबक." काय सांगू? टेबलावर कुणी कुरतडायला नव्हतं.

१ मार्च

टिल्ली आली.

उंबऱ्यातच उभी राहिली. तोंडाला आईचा रुमाल बांधलेला. म्हटलं, "आत ये गं." येईना. म्हणाली, "इथूनच बोलते."

"अजून रागावलीस?"

"हो. तू खोटं बोललास म्हणून."

माझ्या हातातली दाभण खाली पडली.

"तुझ्या ओठावर काहीच नव्हतं आबा. मी रोज तुझ्याजवळच बसायचे. पुळ्या मला होत्या. मी आरशात बघितल्या होत्या." आवाज रुमालाच्या आतून, दबलेला. "बाई तुलाच म्हणाल्या, तुमची चूक नाही म्हणून. तुझाच हात धरला. 'तुझी चूक नाही' असं मला कुणीच नाही म्हणालं."